मनःस्वास्थ्याच्या कार्यशाळेचे तिकीट: किती, कुणाला आणि कुठल्या न्यायाने?

पुण्यातल्या एका वस्तीच्या विहारात मनःस्वास्थ्याची एक दिवसाची कार्यशाळा घ्यायचे आम्ही ठरवले आहे. विषय साधे आहेत. झोप लागत नाही, छातीत धडधड होते, अभ्यासाला बसले की डोके बधिर होते, घरात सतत भांडण, कामाच्या ठिकाणी आडून-आडून विचारले जाणारे आडनाव. बोलायला जागा हवी, ऐकायला शिकलेला माणूस हवा, एवढीच कल्पना. तारीख ठरली, समुपदेशक ठरले, स्वयंपाक कोण करणार तेही ठरले. अडले ते एकाच प्रश्नावर. तिकीट किती ठेवायचे?

या प्रश्नावर आमच्या गटात तीन बैठका झाल्या. आवाज चढले. काहींना हा प्रश्न किरकोळ वाटला. आम्हाला तो किरकोळ वाटत नाही. प्रवेशाचा दर ठरवणे म्हणजे कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार हे ठरवणे. ज्यांच्या पूर्वजांना तळ्यावर, देवळात आणि शाळेच्या वर्गात अडवले गेले, त्यांनी तरी स्वतःच्या दाराशी कोणता अडसर ठेवतो आहोत हे नीट तपासायला हवे. म्हणून झालेली चर्चा आणि आमचा निर्णय, दोन्ही इथे मांडत आहोत.

आधी खर्च बघू

आपल्याकडे कार्यक्रमाचा हिशेब शेवटी मांडतात, आणि तोही वर्गणीच्या वादात. आम्ही तो आधी मांडला. सहभागी ४०, संयोजक ५. विहाराला भाडे नाही, पण वीज आणि साफसफाईचे १,५०० रुपये. दोन समुपदेशकांचे मानधन प्रत्येकी ६,००० प्रमाणे १२,०००. ४५ जणांचा नाश्ता, जेवण आणि दोन वेळचा चहा, माणशी १४० प्रमाणे ६,३००. आयांसोबत येणारी लहान मुले सांभाळणाऱ्या दोन ताईंना प्रत्येकी ७०० प्रमाणे १,४००. वह्या, छपाई, साहित्य १,८००. एका दिवसात काही सुटत नाही, म्हणून पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी एक गटबैठक, अशा सहा बैठकांचे ६,०००. अडीअडचणीला १,०००. एकूण ३०,००० रुपये. चाळीस जणांत वाटले तर माणशी ७५०.

हा आकडा समोर आल्यावर तीन बाजू पडल्या. एक म्हणाली, फुकट ठेवा. दुसरी म्हणाली, सरळ ७५० घ्या, सगळ्यांना सारखे. तिसरी म्हणाली, बाहेर अशा कार्यशाळेला दोन-अडीच हजार घेतात, आपणही घ्या, लोकांना किंमत मोजल्याशिवाय किंमत कळत नाही.

फुकट कुणाच्या जिवावर?

फुकटची बाजू भावनेला पटते. धम्म विकायचा नसतो, दुःखावर तिकीट लावायचे नसते, हे म्हणणे खरेच आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत आणि गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या सगळ्या केंद्रांवर दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही. दान घेतात ते फक्त एक शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडून, म्हणजे आपल्याला लाभ झाला, तसा तो दुसऱ्यालाही व्हावा या भावनेने. या पद्धतीबद्दल आम्हाला आदर आहे.

पण शुल्क नसले म्हणजे किंमत नसते असे नाही. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने दहा दिवसांचा खाडा म्हणजे ३,१२० रुपये. पगारी रजा असलेल्या माणसाला जे शिबिर फुकट आहे, ते रोजंदारीवरच्या माणसाला तीन हजारांना पडते. आमच्या एका दिवसाच्या कार्यशाळेलाही हे लागू आहे. रविवारी ज्याचे काम चालू असते, त्याच्यासाठी शून्य रुपयांचे तिकीटसुद्धा ३१२ रुपये अधिक बसभाडे असते. हा हिशेब फुकटवाल्यांनी केला नव्हता.

दुसरी गोष्ट. कार्यक्रम फुकट असतो तेव्हा त्याचे पैसे कुणीतरी दुसरा मोजत असतो. कधी तो नगरसेवकपदाचा इच्छुक असतो आणि त्याची परतफेड फ्लेक्सवरच्या फोटोने होते. मनातले बोलायला आलेली बाई मागे कुणाचा तरी हसरा चेहरा लटकलेला बघून काय बोलणार? आणि बहुतेक वेळा पैसे मोजतात ते आपलेच लोक, श्रमाच्या रूपात. पहाटे पाचला उठून चाळीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बायका. ‘समाजासाठी एक दिवस द्या ना ताई’ म्हणून दर आठवड्याला बोलावली जाणारी आपल्यातलीच समुपदेशक, जिने कर्ज काढून शिक्षण घेतले आहे. रात्रभर गाऊन हातात नारळ आणि शाल घेऊन घरी जाणारा शाहीर.

फुकटच्या श्रमाचा आपला इतिहास काय आहे? महार वतन म्हणजे दुसरे काय होते? गावकीची आणि सरकारची कामे, वेळी-अवेळी, सांगतील तेव्हा, आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन आणि मागून आणायचे धान्य. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ त्यांनी काम केले, आणि आठवड्याला ४८ तासांच्या कामाच्या मर्यादेचा कायदा झाला तोही त्यांच्याच प्रयत्नांतून. श्रमाला वेळ असते आणि वेळेला दाम असतो, हे ज्याने देशाला शिकवले त्याच्या नावाने आपणच आपल्या माणसांकडून बिनदामाचे काम करून घ्यायचे का? चळवळीतली वेठ ही वेठच असते. म्हणून मानधन कापून तिकीट स्वस्त करायचे नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवले.

बाजारभावाचा युक्तिवाद

‘पैसे मोजले तरच किंमत कळते’ हे वाक्य आपण कुठे-कुठे ऐकले आहे ते आठवा. शाळांची फी वाढवताना, सरकारी दवाखाने मोडीत काढताना, विद्यापीठांचे वसतिगृह महाग करताना. हे वाक्य बोलणाऱ्याच्या खिशात नेहमी पैसे असतात. ज्या ताईने दोन घरची धुणीभांडी सोडून यायचे ठरवले, तिने दाराशी येण्याआधीच किंमत मोजलेली असते. तिला गांभीर्य शिकवायला अडीच हजारांची पावती लागत नाही.

शिवाय हा ‘वेलनेस’ नावाचा बाजार काय विकतो तेही बघायला हवे. तो सांगतो की तुझ्या दुःखाचे कारण तुझ्या मनात आहे. श्वास नीट घे, विचार सकारात्मक कर, सगळे ठीक होईल. श्वासावर लक्ष देण्याला आमचा विरोध नाही, ती तर बुद्धाचीच देणगी आहे. पण हैदराबादला रोहित वेमुला, मुंबईत डॉ. पायल तडवी, पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी यांना आपण २०१६, २०१९ आणि २०२३ मध्ये गमावले. त्यांच्या जाण्याने उभे राहिलेले प्रश्न संस्थांच्या वागणुकीचे, भेदभावाच्या तक्रारींचे आणि जबाबदारीचे होते. ते प्रश्न श्वास मोजून मिटणारे नाहीत. दुःखाचे कारण समाजात असेल तर उपायाची एक बाजू समाजात शोधावी लागते. बाबासाहेबांनी बुद्ध आपल्याला समजावून सांगितला तो असाच.

म्हणून आमच्या कार्यशाळेत दुपारचे एक सत्र कायद्याचे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आमची कार्यशाळा या हक्कांची जागा घेऊ शकत नाही. ज्याला औषधोपचाराची गरज आहे त्याला आम्ही विहारात बसवून ठेवणार नाही, सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात सोबत घेऊन जाऊ. जे सरकारने द्यायचे आहे ते आपण अडीच हजारांना विकू लागलो, तर आपणही त्याच बाजारातले एक दुकान होऊ.

सारखा दर म्हणजे समता नव्हे

राहिला ७५० चा सरसकट दर. ही बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे होते की, सगळ्यांना एकच दर म्हणजे समता. वेगवेगळे दर लावले की माणसामाणसांत भेद होतो. आंबेडकरी माणसाने हा युक्तिवाद करावा याचे आश्चर्य वाटते. विषम स्थितीतल्या माणसांना एकच माप लावले की विषमता टिकते, हे तर आपण आरक्षणाच्या प्रत्येक वादात सांगत आलो आहोत. ७५० रुपये म्हणजे रोजगार हमीवरच्या मजुराचे जवळपास अडीच दिवस. महिना साठ हजार पगार घेणाऱ्या संगणक अभियंत्याचे, सव्वीस दिवसांचा महिना धरला तर, दिवसाचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही इतके थोडे. आकडा एकच, पण एकाची अडीच दिवसांची मजुरी जाते आणि दुसऱ्याची सकाळची दोन-तीन तासांची कमाई. याला समता कसे म्हणायचे?

यावर एका तरुण सहकाऱ्याने नेमका प्रश्न विचारला. तो म्हणाला, ‘दादा, आरक्षणात आपण आर्थिक निकषाला विरोध करतो. १०३ वी घटनादुरुस्ती आली तेव्हाही केला. मग तिकिटाला उत्पन्नाचा निकष कसा चालतो?’ प्रश्न चांगला आहे आणि उत्तर स्पष्ट असायला हवे. आरक्षण ही गरिबी हटवायची योजना नाही. जातीमुळे ज्यांना सत्तेच्या, शिक्षणाच्या आणि नोकरीच्या जागांपासून दूर ठेवले, त्यांच्या प्रतिनिधित्वाची ती तरतूद आहे. तिथला प्रश्न जातीचा, म्हणून माप जातीचे. तिकिटाचा प्रश्न निव्वळ पैशाचा आहे, म्हणून माप पैशाचे. प्रश्न कोणता ते ओळखून माप निवडायचे असते. आर्थिक निकषाचा आग्रह धरणारे जातीच्या प्रश्नाला पैशाचे माप लावतात, आपला आक्षेप त्याला आहे.

आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न आमच्या कार्यशाळेतही आहेच, तो तिकिटाने सुटणार नाही. चाळीस जागा मोबाइलवरून ‘आधी येईल त्याला’ या पद्धतीने भरल्या, तर तासाभरात त्या पगारदार मुलांनी भरतील. ती दिवसभर फोन हातात घेऊन बसलेली असतात. संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या सफाई कामगाराला ‘जागा संपल्या’ एवढाच निरोप मिळेल. म्हणून जागा आधी वाटल्या आहेत. निम्म्या जागा स्त्रियांना. कंत्राटी सफाई कामगार, घरकामगार आणि स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांच्या जागा वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, आणि त्यांची नोंदणी वस्तीत घरोघरी जाऊन होणार आहे. आधी जागा, मग तिकीट.

जीवकाने काय केले होते?

अशा वेळी आपल्या परंपरेत काही सापडते का ते बघितले. विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याच्या गोष्टी आहेत. साकेतच्या एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोकेदुखीने आजारी होती. आधीच्या वैद्यांनी पैसे घेतले आणि गुण आला नाही, म्हणून ती जीवकालाही नको म्हणत होती. जीवकाने सांगितले, आधी काही देऊ नका, बऱ्या झालात की वाटेल ते द्या. ती बरी झाल्यावर तिने, मुलाने, सुनेने आणि नवऱ्याने मिळून सोळा हजार दिले. राजगृहाच्या धनाढ्य श्रेष्ठीकडून मात्र त्याने लाखाची रक्कम घेतली. आणि भिक्खू संघावर उपचार केले ते काही न घेता. एकच वैद्य, एकच विद्या, पण समोरच्याच्या ऐपतीप्रमाणे मोबदला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत हा न्याय सहज सांगितला आहे.

दुसरी गोष्ट आळवीची, धम्मपदाच्या अट्ठकथेतली. हरवलेला बैल शोधत दिवसभर फिरलेला एक गरीब शेतकरी उपाशीपोटी धम्म ऐकायला उशिरा पोहोचला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. तो आल्यावर त्यांनी आधी त्याला जेवायला घालायला लावले आणि मगच उपदेश सुरू केला. भुकेल्या माणसाला शांतीचे प्रवचन ऐकू येत नाही. आमच्या खर्चात जेवणाचे ६,३०० रुपये आहेत ते म्हणून कुणी कापू नयेत. ‘फक्त चहा-बिस्किटे ठेवा, तिकीट उतरेल’ ही सूचना आली होती. ती आम्ही मान्य केली नाही.

आमचा निर्णय

आम्ही तिकीट रुपयांत मोजायचे सोडून दिवसाच्या कमाईत मोजायचे ठरवले. प्रत्येकाने आपल्या एका दिवसाच्या कमाईचा साधारण तिसरा हिस्सा द्यावा. त्यातून असे दर निघाले:

ज्याचा त्या दिवशी खाडा होणार आहे त्याला तिकीट नाही. त्याने आपला दिवस आधीच दिला आहे.
रोजंदारी, घरकाम, कंत्राटी काम करणारे, पण रविवारी सुट्टी असलेले, आणि विद्यार्थी: १०० रुपये.
तीस-बत्तीस हजारांच्या आसपास पगार असलेले: ४०० रुपये.
साठ हजारांच्या आसपास: ७५० रुपये.
लाखाच्या घरात किंवा त्यापुढे: १,२५० रुपये.

तिसराच हिस्सा का? अर्ध्या दिवसाचीही सूचना होती. पण दहा-बारा हजारांत घर चालवणाऱ्या ताईला अर्धा दिवस म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास, आणि तेवढ्यात तिच्या घरचा दोन दिवसांचा भाजीपाला येतो. तिला भाजी आणि कार्यशाळा यांत निवड करायला लावायचे नव्हते. सगळ्यात खालचा दर त्यामुळे तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही उतरवून शंभरावर ठेवला.

आता जमा बघा. आमच्या अंदाजाने सहा जण बिनतिकिटाचे, दहा जण १०० वाले, दहा जण ४०० वाले, आठ जण ७५० वाले आणि सहा जण १,२५० वाले. एकूण १८,५०० रुपये. खर्च ३०,०००. तूट ११,५००.

ही तूट कुठून भरायची? १५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले होते. ते भाषण आपण दर दसऱ्याला ऐकतो. साठ हजार पगाराचा विसावा हिस्सा ३,००० होतो. असे चार जण, एका महिन्याचा हिस्सा, १२,००० रुपये. तूट भरून ५०० उरतात. म्हणजे या कार्यशाळेला प्रायोजक नको, फ्लेक्सवरचा फोटो नको, कुणाची वेठ नको. आपल्यातल्या चार पगारदारांनी बाबासाहेबांचे एक वाक्य एक महिना पाळले तरी पुरे आहे. आमच्या गटातल्या दोघांनी आपला हिस्सा जमा केला आहे. दोन हिस्से अजून हवे आहेत.

दाखला मागायचा नाही

शेवटचा वाद विश्वासाचा झाला. ‘लाख रुपये पगारवाला शंभराची पावती फाडून बसला तर?’ बसेल. एखादा बसेलही. पण त्याला पकडायला आम्ही प्रत्येकाकडे उत्पन्नाचा दाखला मागणार नाही. तहसीलच्या, समाजकल्याणच्या, शिष्यवृत्तीच्या रांगांमध्ये आपली अर्धी जिंदगी आपण कोण आहोत आणि किती गरीब आहोत हे सिद्ध करण्यात गेली. मनावरचे ओझे उतरवायला आलेल्या माणसाला दाराशी पुन्हा तेच सिद्ध करायला लावायचे? आपली पातळी ज्याने-त्याने ठरवायची. पावती सगळ्यांना सारखी मिळेल आणि तिच्यावर रक्कम छापलेली नसेल. पैसे एकच जण घेईल, आणि कुणी किती दिले हे समुपदेशकांनाही कळणार नाही. बसायच्या जागा, जेवणाची पंगत, वही, सगळ्यांना एकच.

एखाद-दुसऱ्याने खोटे सांगितले तर हजार-दोन हजारांचे नुकसान होईल. सगळ्यांना तपासले तर जिला सगळ्यात जास्त गरज आहे ती ताई दारातूनच परत जाईल. पहिले नुकसान आम्ही भरून काढू शकतो.

कार्यशाळा झाल्यावर पूर्ण हिशेब, प्रत्येक पातळीत किती जण आले आणि किती जमले, वैयक्तिक नावे न देता विहाराच्या फलकावर लावला जाईल. अंदाज चुकला असेल तर पुढच्या वेळी दर बदलू. गावोगावच्या, वस्त्या-वस्त्यांतल्या मंडळांना आमची विनंती एवढीच आहे की, व्याख्यान असो, अभ्यासवर्ग असो की सहल, दर ठरवताना आधी कागदावर खर्च मांडा, राबणाऱ्याचे दाम त्यात धरा, आणि आपल्यातल्या सगळ्यात कमी कमावणाऱ्या माणसाचा दिवस केवढ्याला पडतो ते त्यालाच विचारा. मग आकडा लिहा.

ज्यांना आपला विसावा हिस्सा द्यायचा आहे त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे. दोन हिस्से बाकी आहेत.

जयभीम!